पास झालेले कान

कुकरची नववी शिट्टी झाली तेव्हा चिंतामणी वळसंगकर मास्तरांनी पेपर खाली ठेवला आणि बैठकीतूनच हाक मारली, "अगं, डाळीचं पीठ झालं असेल आता!"

स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही. दहावी शिट्टी आली.

मास्तर उठून आत गेले. यशोदाबाई ओट्यापाशी शांतपणे लसूण सोलत होत्या आणि कुकर त्यांच्यापासून हातभर अंतरावर थयथयाट करत होता. मास्तरांनी पुढे होऊन गॅस बंद केला, तशा त्या दचकल्या.

"अगंबाई! आवाज न करता काय येता हो चोरासारखं?"

तीन-चार महिने हे असंच चाललं होतं. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत दूधवाला दार बडवून परत जायचा आणि दूध शेजारच्या दाक्षायणीकडे ठेवायचा. पुण्याहून मुलाचा, आशिषचा, फोन यायचा. एकदा तो म्हणाला, "बाबा, मी आईला विचारलं, कशी आहेस? तर ती म्हणाली, मेथीची. तिचे कान तपासून घ्या हो."

यशोदाबाईंना हे मुळीच मान्य नव्हतं. "माझ्या कानाला काही झालेलं नाही. तुम्हीच हल्ली पुटपुटायला लागलाय," त्या म्हणायच्या.

मास्तरांनी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. कानाचा धडा तर त्यांचा हातखंडा. डब्याचं बूड कापायचं, त्यावर फुगा ताणून बसवायचा, वर चिमूटभर राजगिरा टाकायचा आणि मोठ्यानं "ओऽऽ" करायचं. राजगिरा टुणटुण नाचायचा आणि वर्ग खिदळायचा. "हा तुमचा कानाचा पडदा," मास्तर सांगायचे. "नखाएवढाच असतो. आवाज म्हणजे हवेचा धक्का. धक्का बसला की पडदा हलतो, पडदा हलला की आतली तीन इवलीशी हाडं हलतात. सैल पडला तरी पंचाईत, भोक पडलं तरी पंचाईत." अशा माणसाच्या घरात कानाचा प्रश्न अंदाजानं सुटणं शक्यच नव्हतं. त्यांनी नवी पेठेतल्या एका कानाच्या दवाखान्यात नंबर लावला.

दवाखाना कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. डॉक्टर साडूच्या मुलीच्या लग्नाला विजापूरला गेले होते, पण श्रवणचाचणी करणारी भार्गवी होती आणि ती मास्तरांची जुनी विद्यार्थिनी निघाली.

"काकू, सोपं आहे," भार्गवी यशोदाबाईंच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली. "तुम्ही त्या काचेच्या खोलीत बसायचं, माझ्याकडे पाठ करून. कानात शिट्टीसारखा आवाज आला की हे बटण दाबायचं. म्हणजे परीक्षाच समजा."

परीक्षा हा शब्द यशोदाबाईंना भार्गवीच्या ओठांवर स्पष्ट दिसला. त्यांनी पदर खोचला आणि आत जाऊन ताठ बसल्या.

वीस मिनिटांनी भार्गवी कागद घेऊन बाहेर आली, ती डोळे विस्फारूनच. "सर, मी अगदी बारीक आवाजापर्यंत गेले. काकूंनी एकही सोडला नाही! हे कान पंचविशीतल्या मुलीचे आहेत. तरी गुरुवारी डॉक्टरांना दाखवून घ्या एकदा."

"आता कशाला दाखवायचं?" मास्तर कागदाकडे बघत म्हणाले.

यशोदाबाई मात्र घरी परतताना वाटेत थांबल्या, पावशेर पेढे घेतले आणि गल्लीत वाटले. "पास झाले," त्या दाक्षायणीला म्हणाल्या. दाक्षायणीनं पेढा तोंडात टाकून विचारलं, "कशात वो, काकू?" पण तोवर यशोदाबाई वळल्या होत्या.

मास्तरांच्या घशाखाली पेढा उतरेना. विज्ञानाच्या माणसाला कारणाशिवाय परिणाम पटत नाही. कान ठणठणीत आहेत. समोर उभं राहून बोललं तर ही उत्तर देते. पाठीमागून बोललं तर देत नाही. म्हणजे हिला ऐकू येतं, पण माझं ऐकायचं नाही. ही माझ्यावर रागावली आहे.

कशाबद्दल, ते शोधायला मास्तर दोन दिवस झोपाळ्यावर बसून राहिले. त्यांना वाटलं होतं कारण सापडणार नाही. प्रत्यक्षात कारणं इतकी सापडत गेली की ते घाबरले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सुरुवात केली. यशोदाबाई भांडी घासत होत्या. समोर जाऊन बोलायचा धीर होईना, म्हणून ते दारातच उभे राहिले.

"यशोदा, तुझ्या बहिणीच्या लग्नाला मी तुला पाठवलं नाही. माझी आई आजारी होती खरी, पण मी चार दिवस सांभाळू शकलो असतो. चुकलं माझं."

यशोदाबाईंनी तवा घासला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "दहावीचा फॉर्म भरून तुला घरी बसावं लागलं होतं. बाहेरून परीक्षेला बसवतो, असं मी लग्नात कबूल केलं होतं. दुसऱ्यांच्या तीन हजार मुलांना शिकवलं आणि तुला म्हणालो, आता या वयात कशाला. ऐकतेस ना?"

यशोदाबाईंनी कणकेचा गोळा उलटा केला आणि पुन्हा बुक्की मारली.

नुसत्या शब्दांनी भागत नाही, असं वाटून मास्तर साडी घेऊन आले. मग दुसरी. मग भर उन्हात जाऊन मोगऱ्याचा गजरा आणला. तो हातात ठेवताच यशोदाबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं गजरा आणला नव्हता. शिवाय हल्ली ते दारात उभे असतात, जेवत नाहीत नीट, डोळे लाल असतात. या माणसाला काहीतरी मोठा आजार झालाय आणि तो लपवतोय, अशी त्यांची खात्री पटली.

त्यांनी आशिषला फोन लावला. फोनवर पलीकडचं काही कळत नसल्यामुळे त्यांनी अलीकडे ऐकणंच सोडून दिलं होतं. "तुझ्या बाबांचं काही खरं नाही. साड्या आणायला लागलेत. सवड काढून ये. ठेवते," एवढं सांगून त्यांनी फोन बंद केला.

दोन मिनिटांत मास्तरांचा फोन वाजला.

"बाबा, तुम्हाला काय झालंय? खरं सांगा!"

"मला काही झालेलं नाही. तुझी आई माझ्यावर रागावली आहे."

"कधीपासून?"

मास्तरांनी मनात वर्षं मोजली. मग म्हणाले, "सदतीस वर्षं झाली असतील."

आशिषला तेव्हा वर्ष पुरं झालं नव्हतं. बाबा कशाबद्दल बोलतायत, ते त्याला कळलं, आणि त्यानं पुढे काही विचारलं नाही. त्याला एक मोठी बहीण होती. उर्वी. हे नाव मास्तरांनीच हौसेनं ठेवलं होतं, पृथ्वीचं नाव म्हणून. ती साडेपाच वर्षांची होऊन गेली. तिच्याबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे. फोटो होता तोही कपाटात होता.

त्या संध्याकाळी यशोदाबाई खिडकीशी बसून गवार मोडत होत्या. मास्तर त्यांच्या मागे खुर्ची ओढून बसले.

"यशोदा," मास्तर म्हणाले, "त्या दिवशी सिदू शिपाई वर्गाच्या दारात आला आणि म्हणाला, घरून निरोप आहे, मुलीला ताप आहे. आमची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती, बाहेरचे परीक्षक आले होते. मी म्हटलं, घंटा होऊ दे. चाळीस मिनिटं होती गं. चाळीस मिनिटं मी पोरांचे प्रयोग तपासत बसलो. घरी आलो तर तिला आकडी येऊन गेली होती. तू रिक्षा बघत होतीस. डॉक्टर पुढे म्हणाले, मेंदूज्वर होता, लवकर आणलं असतं तरी सांगता येत नव्हतं. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. मी तुला कधी सांगितलं नाही की मला निरोप वेळेवर मिळाला होता. तुला वाटलं असेल, सिदूनं उशीर केला. सिदूनं उशीर केला नाही. मी केला."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि वाट बघत बसले.

यशोदाबाईंनी शेवटची शेंग मोडली, ताट उचललं आणि वळून म्हणाल्या, "गवार संपली. उद्या भेंडी आणा."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना वाटलं, बरोबरच आहे. याला आणखी काय उत्तर असणार?

त्यानंतरचे चार दिवस मास्तर भेंडी आणत होते, वांगी आणत होते आणि अक्षरही बोलत नव्हते. पाचव्या दिवशी भार्गवीचा फोन आला. "सर, तुमचा तो फुग्याचा कान बनवून द्याल का? पेशंटना समजावायला बरं पडेल." नाही म्हणायचंही त्राण नव्हतं, म्हणून मास्तर हो म्हणाले. त्यांनी डबा कापला, लाल फुग्यांचं पाकीट आणलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसले. पलीकडे यशोदाबाई पाठमोऱ्या बसून भाकरी थापत होत्या.

ताणून बसवण्याआधी फुगा एकदा फुगवून घ्यायचा, म्हणजे रबर नरम पडतं आणि डब्यावर सारखं बसतं, ही मास्तरांची जुनी पद्धत. ते फुगवायला लागले. पण मन ठिकाणावर नव्हतं. ते फुंकत राहिले. रबर ताणलं गेलं, पातळ होत गेलं, त्यातून पलीकडची खिडकी दिसायला लागली. वर्गात ते हेच सांगायचे, कमी फुगलेला फुगा फाटतो तेव्हा त्याचे दोन तुकडे होतात, पण रबर शेवटच्या टोकापर्यंत ताणलेलं असलं की एका जागी चीर गेली तरी सगळीकडून एकदम फुटतं.

फुगा फुटला.

असा आवाज झाला की फळीवरची वाटी खाली पडली. मास्तर पाटावरून मागे कलंडले. लाल चिंध्या भिंतीवर, पिठाच्या परातीत, यशोदाबाईंच्या अंबाड्यावर जाऊन चिकटल्या. शेजारून दाक्षायणी ओरडतच आली, "काय फुटलं वो, सर? शिलेंडर का काय? लागलं का कुणाला?" गल्लीत दोन कुत्री भुंकायला लागली.

यशोदाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला. मग सावकाश मागे वळून म्हणाल्या, "दार वाजलं का हो? कडी वाजल्यासारखं वाटलं."

मास्तर जमिनीवर होते तसेच बसून राहिले. राग कितीही असला तरी दचकणं माणसाच्या हातात नसतं. पापणी मिटणं, खांदा उडणं, कुणाला ठरवून थांबवता येत नाही. बॉम्बसारखा आवाज हिला कडीएवढा आला. मग माणसाचा आवाज केवढा आला असेल? दारातून बोललेला? खिडकीशी बसून बोललेला?

"सर, बोला की! डोक्याला लागलं का वो?" दाक्षायणी त्यांना हलवत होती.

"हिला काही ऐकूच आलेलं नाही," मास्तर म्हणाले. "दाक्षायणी, हिला काही म्हणजे काही ऐकू आलेलं नाही!"

ते हसत होते का रडत होते, ते दाक्षायणीला कळेना. तिनं दोघांना पाणी दिलं आणि काकूंच्या अंबाड्यावरचं रबर काढून घेतलं.

मास्तर यशोदाबाईंच्या समोर जाऊन बसले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तू पास कशी झालीस?"

यशोदाबाईंनी आधी भाकरी उलटली. ती फुगली, तव्यावरून उतरली. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "समोरच्या काचेत दिसायची ती पोरगी. बोट खाली गेलं की मी दाबायचे बटण."

"म्हणजे कॉपी केलीस! मास्तराची बायको असून?"

"मग काय करू? ती म्हणाली परीक्षा आहे. जन्मात एकदा परीक्षेला बसले, त्यात नापास होऊ?" त्यांचे डोळे भरून आले. "आणि नापास झाले असते तर तुम्ही आशिषला सांगितलं असतं. मग तो पुण्याला नेणार, आणि सून दिवसभर बहिरीशी ओरडत बसणार. इथं बरं आहे की मला. इथं सगळी भांडी कुठं आहेत ते माहीत आहे."

मास्तरांना रागवायचं होतं. पण 'जन्मात एकदा' हे शब्द त्यांना लागले होते.

पुढच्याच गुरुवारी डॉक्टरांनी कानात दुर्बीण घालून संगणकाच्या पडद्यावर चित्र दाखवलं. उजव्या कानाच्या पडद्याला भोक होतं, डावा पडदा आत ओढला जाऊन जाड झाला होता. "उजव्याला ठिगळ लावता येईल," डॉक्टर म्हणाले. "कानामागचाच पातळ पापुद्रा घेऊन. डाव्यासाठी यंत्र देऊ."

"म्हणजे सायकलचं पंक्चर काढल्यासारखं?" यशोदाबाईंनी विचारलं.

"अगदी तसंच. फक्त दोन महिने हवा भरायची नाही. नाक जोरानं शिंकरायचं नाही."

उजव्या कानाचं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मास्तर बायकोच्या पाठीमागून एकदाही बोलले नाहीत. जे बोलायचं ते समोर, ठळक, आणि फक्त कामाचं. औषध घेतलंस का. पाणी तापलंय. उरलेलं सगळं छातीत तसंच होतं. एकदा सांगून झालेली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायची, हे पहिल्यापेक्षा अवघड असतं, हे त्यांना कळत होतं. एक मन म्हणायचं, सांगितलंच आहे की आपण. ऐकू आलं नाही, यात आपला काय दोष?

दोन महिने पुरे झाल्यावर भार्गवीनं पुन्हा चाचणी घेतली, या वेळी काचेवर वर्तमानपत्र चिकटवून. यशोदाबाईंनी पुष्कळ आवाज सोडले, पण बोलणं ऐकू येण्याइतके पकडले. त्या दिवशी त्यांनी पेढे घेतले नाहीत. घरी येऊन झोपाळ्यावर बसल्या आणि कडीचा कुरकुर आवाज ऐकत राहिल्या. मास्तर बाजूला बसले.

"एक विचारू?" यशोदाबाई म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही माझ्या मागं उभे राहून बोलायचात. मला भिंतीवर सावली दिसायची, हात हलायचे. गवार मोडत होते तेव्हा तर लई वेळ बोलत होता. मला वाटलं, आजाराचं सांगताय. म्हणून मी शेंगा संपेपर्यंत वळलेच नाही. भीती वाटली. काय सांगत होता?"

काही नाही, असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. सिदू, घंटा, चाळीस मिनिटं. या वेळी त्यांना समोरचा चेहरा बघत सांगावं लागलं.

यशोदाबाई ऐकत होत्या. झोपाळा थांबला होता.

"सिदूनं एवढंच सांगितलं?" त्या म्हणाल्या. "ताप आहे, एवढंच?"

"एवढंच."

"मी त्याला सांगितलं होतं, परीक्षा चालू असेल, त्यांना घाबरवू नका. संपवून आले तरी चालेल म्हणा. घाई नाही म्हणा." त्यांनी झोपाळ्याची कडी धरली. "घाई नाही, असं मी म्हणाले होते. तिचं अंग चटके देत होतं आणि मी म्हणाले, घाई नाही. मला वाटायचं, तुम्हाला ते कळलंय. म्हणून तुम्ही तिचं नाव काढत नाही. माझ्यावरच्या रागानं."

मास्तरांनी त्यांचा हात धरला. इतकी वर्षं एकाच घरात दोघं एकमेकांच्या रागाला भीत राहिले होते, आणि राग कुणालाच नव्हता. बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. यशोदाबाईंनी त्याच्याकडे उजवा कान केला आणि परत वळवला.

"अहो, मला तिचा चेहरा आठवतो," त्या म्हणाल्या. "आवाज आठवत नाही. किती वर्षं झाली, आठवतच नाही. कान गेले म्हणून असेल, असं वाटायचं. आज कान आले, तरी येत नाही."

"मला आठवतो," मास्तर म्हणाले.

"कसा होता?"

एकोणसत्तर वर्षांच्या चिंतामणी मास्तरांनी घसा खाकरला. दाराकडे एकदा बघितलं. मग मान थोडी वर करून, आवाज जमेल तेवढा बारीक करून म्हणाले, "आईऽ, भूऽक!"

"असा नव्हता. आणखी बारीक."

"आईऽऽ, भूऽऽक!"

"अजून. आणि शेवटी हेल काढायची ती."

मास्तरांनी डोळे मिटले, पोट आत ओढलं आणि गळ्याच्या शिरा ताणून तिसऱ्यांदा हाक मारली. दाराशी दाक्षायणी येऊन उभी राहिली.

"काकू, मांजर अडकलंय का वो कुटं? आमच्या घरापत्तुर आवाज येलालाय."

मास्तर ओशाळून गप्प झाले. यशोदाबाईंनी डोळे पुसले आणि झोपाळ्यावर थोडं सरकून तिला जागा केली.

"मांजर नव्हे गं," त्या म्हणाल्या. "आमची उर्वी. बस, सांगते. अहो, हिला परत करून दाखवा."